बादलीवरची जागा

"चला जावईबापू, वेळ झाली," सासरे म्हणाले आणि अडगळीच्या खोलीचं दार उघडून उभे राहिले.

जावई मुकाट्याने उठला. टीव्हीवर निळ्या जर्सीतली आपली टीम नुकती कोर्टवर उतरत होती. त्याने जाता जाता मान वळवली, तर मोठा मेहुणा टीव्हीसमोर आडवा आला.

"अहो, बघताय काय! फायनल आहे आज. घात कराल."

सासऱ्यांनी हात पुढे केला. जावयाने आपला मोबाइल त्यावर ठेवला. एकदा आत बसून त्याने मोबाइलवर मॅच बघितली होती आणि टीम हरता हरता वाचली होती. तेव्हापासून हे कलम वाढलं होतं. तो आत गेला आणि बाहेरून कडी लागली.

हे सगळं एका बल्बपायी झालं होतं. सीझनच्या सुरुवातीला टीम सडकून मार खात असताना तो बल्ब शोधायला या खोलीत शिरला, आणि बाहेर एकच जल्लोष झाला. तो बाहेर आला, तर समोरच्यांचा बास्केट. मेहुण्यांनी त्याला परत आत ढकललं, तर आपला बास्केट. झालं! त्या दिवसापासून प्रत्येक मॅचला जावई आत, उपड्या बादलीवर, आणि टीम आपली जिंकत सुटलेली. बल्ब मात्र आजतागायत सापडला नव्हता, त्यामुळे खोलीत अंधारच होता.

"नुसतं बसून तर राहायचंय," बायको समजूत घालायची. "बाबांसाठी एवढं कर ना."

बाबांचं वेड त्यालाही ठाऊक होतं. टीमने आजवर एकदाही चषक उचलला नव्हता, आणि सासऱ्यांचे केस तिच्यापायी काळ्याचे पांढरे झाले होते. "एकदा या डोळ्यांनी बघितलं की मी मोकळा," असं ते म्हणायचे. जावयाचं चष्म्याचं दुकान. त्यानेच त्यांचे डोळे तपासून खास फायनलसाठी नवा चष्मा करून दिला होता. जगाला नीट दिसावं म्हणून झटणाऱ्या माणसाला घरच्यांनी अंधारात कोंडलं होतं. बरं, टीमचं वेड त्यालाही शाळेपासूनचं. पण ते कोणी विचारतच नव्हतं. भिंतीपलीकडच्या आरोळ्या ऐकून प्रेम करायचं म्हणजे नुसत्या वासावर जेवण्यासारखं. त्याला आता ते सोसवत नव्हतं.

आज त्याने ठरवलंच होतं. खोलीच्या खिडकीला गज नव्हते, कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं. मध्यंतराला सासरे स्वतः चहा आणून देत. त्याआधी परत यायचं, म्हणजे कोणाला पत्ता लागणार नाही. त्याने खिडकीतून उडी टाकली आणि बाहेरून ती लोटून घेतली.

मागच्या गल्लीतल्या सलूनमध्ये टीव्ही होता आणि पाय ठेवायला जागा नव्हती. रिकामी अशी एकच खुर्ची होती, आरशासमोरची.

"दाढी करणार असाल तर बसा," सलूनवाला टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.

तो बसला. सलूनवाला प्रत्येक चढाईला वस्तरा हवेत धरून थांबायचा. पण आज टीमचं काही खरं नव्हतं. साधे साधे नेम चुकत होते. मध्यंतराला ती इतकी मागे पडली, की बाकावरचे दोघे उठून घरी गेले.

जावयाच्या मनात आलं, माझ्यामुळे तर नाही? शिकलेल्या माणसाने असं म्हणू नये हे त्याला कळत होतं, तरी तो उठायला गेला.

"हलू नका, कापेल!" सलूनवाल्याने त्याचं डोकं मागे दाबलं. एका कोंडीतून निघून तो दुसरीत अडकला होता.

मग त्याला चहा आठवला. सासरे एव्हाना कप घेऊन गेले असणार. आता मेहुणे शोधत येतील आणि चारचौघांत शोभा होईल. तो आरशातून दाराकडे बघत राहिला. कोणीच आलं नाही. हरण्याच्या धसक्यात चहा राहिला असणार, असं म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि खेळ फिरला. मध्यंतरानंतर टीम अंगात आल्यासारखी खेळायला लागली. डावखुऱ्या कप्तानाने लांबून बास्केटमागून बास्केट टाकले. बघता बघता बरोबरी झाली. जावई खुर्चीतून उभा राहिला, आणि सलूनवाल्याने वस्तरा चक्क खाली ठेवला. शेवटच्या क्षणी कप्तानाने समोरच्या सगळ्यांना आपल्यामागे ओढलं आणि चेंडू दिला तो सीझनभर बाकावर बसलेल्या बुटक्याला. बुटक्याने डोळे मिटून फेकल्यासारखा फेकला. फळी, रिंग, आत!

जावई अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडला. मग तसाच पळत सुटला, एका गालावर फेस घेऊन. आज सांगूनच टाकायचं होतं. मी आत नव्हतोच, तरी जिंकलो! एका वाक्यात सुटका. पुढच्या सीझनला सोफ्यावर, सासऱ्यांच्या शेजारी बसायचं.

घरात नुसता धुमाकूळ चालला होता. त्याने खिडकी ढकलली आणि एक पाय आत टाकला.

"जपून," आतून हलकेच आवाज आला. "तिथे चहा ठेवलाय."

उजेडाची तिरीप बादलीवर पडली. बादलीवर सासरे बसले होते. पायाशी साय धरलेला कप होता, आणि नवा चष्मा घडी घालून खिशात.

"बाबा! तुम्ही... कधीपासून?"

"मध्यंतरापासून. जागा रिकामी दिसली." सासऱ्यांनी रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. "पोरांना म्हटलं, मला ताण सोसत नाही, जावईबापूंजवळ बसतो, लावा कडी. गाल पुसा आधी."

बाहेर कडी वाजली. सासऱ्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ते यायच्या आत सांगा पटकन. शेवटचा बास्केट डावखुऱ्यानेच टाकला ना? कसा टाकला?"