चहाला गेलोय

सुट्टीतली पुस्तकविक्री म्हणजे ग्रंथपालबाईंच्या डोक्याला ताप. गावातले सगळे लेखक वाचनालयाच्या एकाच दालनात, आणि प्रत्येकाला टेबल हवं ते दारासमोरचंच. कवीला जिन्याजवळ बसवलं, तर तो रुसून बसला. पण बाईंनी यंदाही दारासमोरचं टेबल प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या लेखकालाच दिलं. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून त्याच्या अक्षरातली पुठ्ठ्याची पाटी होती, 'चहाला गेलोय, आलोच.'

दुपारपर्यंत नव्या मदतनीस मुलीचा पारा चढला. "बाई, हे गृहस्थ सकाळपासून चहाच पिताहेत! त्यापेक्षा टेबल कवींना देऊन टाका ना."

"राहू दे गं," एवढंच म्हणून बाई पुस्तकं सारखी करत राहिल्या.

मुलगी तरातरा कवीकडे गेली. त्याचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. "नको, मला नको ते टेबल," तो हळूच म्हणाला. "गेल्या सुट्टीत ती पाटी ठेवून तो उठला, तो या जिन्यातच कोसळला. परत आलाच नाही."

मुलगी परत बाईंच्या टेबलाकडे आली. तेवढ्यात एक आजी त्याच टेबलावरचं पुस्तक घेऊन बाईंसमोर उभ्या राहिल्या. "यावर लेखकांची सही हवी होती. मला काही घाई नाही, थांबते मी."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा ना. मला तरी कुठे घाई आहे? घरी जाऊनही त्यांचीच वाट बघायची."