आज अजून काही घेतलेलं नाही

"हा बघ, लागला कामाला!" धाकट्याने लॅपटॉप ताईकडे वळवला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला होता.

ताई एका कोटाचं अस्तर उसवत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं. "दिसत तर काहीच नाही."

"दिसायचं नसतंच. तो बॉट आहे. भाव बघतो, शेअर घेतो, विकतो. त्याला एका कंटेनरमध्ये भरलाय. डबाच समज. लागेल ते सगळं आत, वरून झाकण, आणि तो डबा लांब एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवलाय. मध्येच बंद पडला, तर जुना डबा फेकून नवा आपोआप उघडतो. थांबायचं नावच नाही."

ताईला ते थांबायचं नाव नसणं फारसं रुचलं नाही. पण धाकटा या बाबतीत खरा शहाणा होता. बाकी सगळ्या बाबतीत उंटावरचा.

अठरा वर्षं भाड्याने चालवलेला हा शिवणकामाचा गाळा मालकाने विकायला काढला होता. पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे ठरले होते, आणि पै-पै करून ताईने ते जमवलेही होते. महिनाभर ते नुसते लोळत का ठेवायचे, असा धाकट्याने धोशा लावला. शेवटी तिने एकच अट घातली. दहातला एक हिस्सा लावायचा, वर एक पैसा नाही. तो गेला तर गेला, बांगड्या मोडेन. धाकट्याने सगळे पैसे शेअरच्या खात्यात भरले आणि तिच्यासमोर ती अट बॉटमध्ये घातली. खोट्या, म्हणजे नुसत्या आकड्यांतल्या पैशांवर तीन आठवडे त्याने तो चालवून पाहिला होता, आणि तो एकदाही अडखळला नव्हता.

ताईचा फोन थरथरला. 'नमस्कार ताई. आज अजून काही घेतलेलं नाही. सुरुवात करतो.'

"तुझ्यासाठी मुद्दाम घातलंय," धाकटा म्हणाला. ताई हसली.

दुपारपर्यंत दोन पँटी आखूड झाल्या, कोटाला नवं अस्तर लागलं. धाकटा डबा उघडून जेवायला बसला, तेव्हा फोन पुन्हा थरथरला.

"तुझा हा गडी भारी मर्यादशील आहे रे," ताई म्हणाली. "सकाळपासून आठ वेळा नमस्कार झाला. नमनालाच घडाभर तेल!"

धाकट्याचा घास हातातच राहिला. "आठ?"

"का? करू नये?"

"उघडला की एकदाच करतो तो. म्हणजे... बंद पडून पुन्हा उठला असेल. शेअर घेऊन देणाऱ्या कंपनीशी असलेली जोडणी तुटत असणार. पण उठतोय ना दर वेळी? तेच तर मी म्हणत होतो!"

ताईने ओठात धरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या. "आणि घेतलं किती, ते कुठे लिहितो?"

"त्याची वही असते ना आत."

"आत म्हणजे डब्यात?"

"हो."

"मग डबा फेकला, की वहीचं काय होतं?"

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. वही डब्याबाहेर ठेवायची असते. पण खोट्या पैशांच्या वेळी डबा एकदाही पडला नाही, म्हणून ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बॉट मात्र इमानेइतबारे ताईची अट पाळत होता. उठायचा, कोरी वही बघायचा आणि एकच हिस्सा लावायचा. आठ वेळा.

त्याने खरकटा हात पँटला पुसला आणि लॅपटॉप ओढला. तेवढ्यात फोन थरथरला. नऊ.

हिरवा ठिपका एकदाचा विझला. "थांबवला. पण नऊ हिस्से एकाच शेअरमध्ये गेलेत, आणि तो आपटतोय."

"विक."

"थोडं थांबलो तर..."

"विक म्हणते ना!"

त्याने विकले. दहातले आठ हातात राहिले.

ताई मशीनपाशी बसली. भावाच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं, आणि पैसे त्याच्या हाती देणाऱ्या स्वतःच्याही. धाकटा पाठमोरा बसून पंधरा-वीस मिनिटं काहीतरी बडवत राहिला. मग वळला.

"वही बाहेर काढली, ताई. आता विसरायचा प्रश्नच नाही. तुझी अट तेवढी काढून टाकली. आठही एकदम लावू. दोनच तर भरून काढायचेत, संध्याकाळच्या आत होतील!"

ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळचाच उत्साह होता, जसं मध्ये काही घडलंच नव्हतं. तिला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

"हात काढ त्यावरून."

त्याने काढला.

"येऊ का?" दारात गाळ्याचा मालक उभा होता. ताईने त्याला स्टूल दिलं आणि समोर उभी राहिली.

"तुमच्या कानावर घालावं म्हटलं," मालक म्हणाला. "दुसरा एक जण मागे लागलाय. उद्याच सगळे देतो म्हणतो. पण शब्द आधी तुम्हाला दिलाय. तुमचे तयार असतील, तर उद्याच कागद करून टाकू. आहेत ना सगळे?"

मालकाच्या मागे कपडे घालून बघायचा मोठा आरसा होता. त्यात ताईला तिच्या पाठीमागे बसलेला धाकटा दिसला. त्याचं बोट पुन्हा लॅपटॉपच्या कळीवर आलं होतं. तो आरशातून तिच्याकडेच बघत होता. करू का, असं त्याने भुवयांनी विचारलं.

मालकासमोर ओरडता येईना. मान हलवून नाही म्हणावं, तर अठरा वर्षांचा गाळा जागच्या जागी जात होता.

"ताई?" मालक म्हणाला. "आहेत ना?"

ताईने मान डोलावली. आरशात धाकट्याचं बोट खाली गेलं.