काशीबाईंचे निवडुंग

"रविवारपर्यंत ही काट्यांची पलटण हलली पाहिजे, मावशी. नाहीतर खोली रिकामी करा."

लक्ष्मणशेठ गच्चीच्या दारातूनच बोलले. इमारत त्यांची. गच्चीवरच्या खोलीत काशीबाई भाड्यानं राहत. शेठच्या मागे त्यांची बायको पल्लवी वाळलेले कपडे गोळा करत होती.

"एकही कुंडी हलणार नाही," काशीबाई म्हणाल्या.

"वास्तुवाला बोलला, काट्यांमुळेच कारखान्यात माझे कापडाचे लूम बंद पडतात."

"लूमला तेल घाला की, शेठ!"

जिन्यातली पोरं फिसकन हसली. शेठ तणतणत उतरले. पल्लवी खाली मान घालून मागोमाग गेली. तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. साड्यांना टिकल्या लावताना सुई टोचते, असं ती सांगायची.

पोरं नेहमीसारखी कुंड्यांभोवती बसली.

"आजी, याला पाणी का नाही घालत?" दिपालीनं विचारलं.

"थंडीभर तहानलेलं ठेवायचं. ऊन चढलं की मग कळ्या धरतात. बोट नको लावू, बाळ. बारीक कुसं कातडीत शिरली की दिवसभर छळतात."

"तुला कोणी शिकवलं?"

"ज्याला येतं त्यानं," काशीबाई हसल्या.

संध्याकाळी शेजारची तारा समजवायला आली. "काशीताई, नवागाममध्ये या भाड्यात खोली मिळायची नाही आता. काट्यांपायी डोक्यावरचं छप्पर कोणी सोडतं का?"

"मी सोडीन," मेथी निवडता निवडता काशीबाई म्हणाल्या.

रविवारी शेठ दोन कामगारांना घेऊन वर आले. तमाशा बघायला सगळी इमारत गोळा झाली. काशीबाईंची पेटी दारात बांधून तयार होती.

"काय ठरलं?"

"मी जाते. झाडं इथंच राहतील."

"वा! तुम्ही गेल्यावर ती कोणासाठी ठेवू?"

काशीबाईंनी वाकून पेटी उचलली. शेठनी कामगारांना खूण केली. पोरं कुंड्यांपुढे हात पसरून उभी राहिली, तसे कामगार जागच्या जागी थबकले. चिडलेल्या शेठनी कळ्यांनी भरलेली एक कुंडी स्वतःच उचलली आणि कठड्याकडे निघाले.

"खाली ठेवा ती."

सगळे वळले. पल्लवी गर्दीतून पुढे आली. पहिल्यांदाच तिची मान ताठ होती.

"मावशींना कुठंही जायचं नाही. ती कुंडी माझी आहे. सगळ्याच माझ्या आहेत."