स्वस्तातला टॉर्च

“सगळ्यात स्वस्त टॉर्च कुठला?” जिना चढून आलेल्या गिऱ्हाइकानं खुर्चीत बसकण मारत विचारलं आणि मग बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला. डावा खांदा चोळत म्हणाला, “लिफ्ट बंद ठेवून पैसे वाचवता, तरी माल महाग?”

डायव्हिंगच्या सामानाचा दुकानदार हसला. माल दाखवण्याआधी माणूस वाचायचा, ही त्याची जुनी खोड. नवरा पोट सुटलेला, हात आखडता. बायको मागं उभी. लांब मोकळे केस, तोंडाला कुलूप.

“उद्या रात्रीची बुडी आहे समुद्रात,” नवरा म्हणाला. “माशांवर छाप पाडायची नाहीये. स्वस्तातला दाखवा.”

“मग स्वस्तातलेच दोन घ्या, साहेब. एक हातात, एक कमरेला. खाली मिट्ट काळोख. टॉर्च विझला की वर कुठं, खाली कुठं, कळत नाही. माणूस बावचळतो आणि खेळ खलास.”

“एकच द्या.” बायको पहिल्यांदाच बोलली.

“वहिनी, दुसरा निम्म्या किमतीत देतो.”

“एकच.”

“बघा! लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं एकमत झालं,” नवरा खुलला. “आणि आमचा नाववाला महाकडक. प्रत्येकाचा टॉर्च आधी पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतो. विझला, तर माणूस काठावर. तेव्हा तुम्ही केसानं गळा कापलात, तर तिथंच कळेल हं!”

दुकानदारानं टॉर्चचं झाकण फिरवून उघडलं. “सगळी मदार या रबरी रिंगवर. पुसून मगच झाकण लावायचं. वाळूचा कण किंवा एखादा केस जरी राहिला, तरी पाणी आत शिरलंच.”

“लगेच?” बायकोनं विचारलं.

“थोड्या वेळानं.”

“पण नक्की?”

दुकानदारानं चमकून पाहिलं. टॉर्च टिकेल का, हे सगळेच विचारतात. विझेल का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बिल करायला तो वळला. नवऱ्याची घासाघीस चालूच होती. समोरच्या कपाटाच्या काचेत दुकानदाराला बायको दिसली. तिनं डोक्यावरचा एक केस उपटला, रिंगवर ठेवला आणि झाकण फिरवून बंद केलं.

बोलावं? काय बोलणार? गळून पडला असेल, म्हणेल ती. आणि नवरा वर दुकान डोक्यावर घेईल.

“द्या वहिनी, मनगटाची दोरी लावून देतो.”

आतल्या खोलीत त्यानं झाकण उघडलं. केस होता. चिमट्यानं उचलून त्यानं तो टेबलावर चिकटपट्टीखाली दाबला. पुढंमागं पुरावा असलेला बरा. रिंग पुसली, झाकण घट्ट बसवलं आणि टॉर्च नवऱ्याच्याच हातात दिला.

“आता उघडू नका. कुणाच्या हातातही देऊ नका.”

“बघ गं, दुकानदाराला माझी केवढी काळजी!”

बायकोनं नवऱ्याचा दंड धरला. “सावकाश उतरा.”

काय नाटकी बाई! दुकानदार मनात म्हणाला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. एक जीव पुण्याच्या खात्यात जमा होता.

दुसऱ्या दिवशी, दुकान बंद करता करता फोन वाजला.

“काल टॉर्च नेला ना, मी त्यांची बायको,” पलीकडून बाई घाईघाईनं बोलत होती. “केस अडकला की पाणी नक्की शिरतं म्हणालात ना तुम्ही? मी धक्क्यावर आहे. सगळ्यांचे फोन इथंच ठेवून नाव गेली, दिसेनाशीसुद्धा झाली. आणि हे काठावर नाहीत हो! डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा पाण्याखाली गेलात तर हृदय बंद पडेल. ऐकत नाहीत, कुणाला सांगू देत नाहीत. म्हणून मी तो केस... पिंपातच विझायला हवा होता ना टॉर्च?”

टेबलावर, चिकटपट्टीखाली, तो लांब काळा केस जिथल्या तिथं होता.