शरदातली विचारपूस

आमची सुकून भेगाळलेली दलदल पुन्हा ओली व्हावी म्हणून आम्ही तिच्यातलं पाणी वाहून नेणारे चर बुजवले. तीन वर्षं तिथे कुणीही जनावर चारायचं नाही, ही अट चराई समितीच्या गोंबोनेच घातली. हांदाआजी आपले याक दगडाळ चढावर नेत राहिली. गेल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे भुकेने मेले.

यंदा शरदात, मुदत संपायच्या आधीच, ती खाली उतरली. दलदलीतल्या हिरव्यागार गवतात गोंबोचे शर्यतीचे घोडे खुशाल चरत होते.

शरदात भेटलं की आमच्या खांगाईच्या डोंगरांत सगळेच विचारतात, ते गोंबोने हसत विचारलं, "काय आजी, जनावरं अंगानं भरली ना?"

आमच्यात याला कधी 'नाही' म्हणत नाहीत.

"भरली की," आजी घोड्यांकडे बघत म्हणाली. "माझ्या मेलेल्या याकांच्या वाट्याचं खाऊन भरली."