आढ्याचं झाड

"फोर-व्हीलचा गिअर टाक की!" हौशीराम ओरडला.

"टाकलाय, मामा!" भाचा भरत दातओठ खात स्टिअरिंगशी झुंजत होता. शिनोली गाव मागं पडलं, मग डांबर, मग रस्ताच. शेवटी चिखलातून उसळ्या मारत जीप देवराईच्या तोंडाशी येऊन थांबली.

वाडीचा गेणभाऊ वाट बघतच उभा होता. "पावणं, पायताणं हितंच काढा. देवाची राई हाय."

हौशीरामची राजुरीत लाकडाची वखार. झाड दिसलं की हा गडी आधी त्यातली दारं मोजायचा. सोयऱ्याच्या लग्नातसुद्धा नवरीकडं कमी आणि मांडवाच्या मेढीकडं जास्त बघायचा. कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, खोडावर ठोकायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, भरीव का पोकळ. तो शब्द कधी खोटा पडला नव्हता. म्हणून तर गेणभाऊनं निरोप धाडला होता. देवळाचं आढं मोडून छप्पर बसलं होतं, देव उघड्यावर भिजत होता. राईतलं लाकूड माणसाला वर्ज्य, देवाला तेवढं चालतं. वाडीनं कौल लावला, देवानं उजवा दिला. आता हौशीरामनं भरीव म्हटलं की राईतल्या जुन्या ऐनाच्या झाडावर कुऱ्हाड पडणार होती.

आत पाऊल टाकलं आणि ऊन बाहेरच राहिलं. अनवाणी पायाखाली गादीसारखा ओला पाचोळा. वरून थेंब टपकत होते, कुठंतरी उंचावर शेकरू ओरडत होतं. वाटभर तोंडाची टकळी चालू ठेवणारा भरत आपसूक कुजबुजत बोलू लागला.

आणि मग तो ऐन. हौशीरामनं वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, टोपी मागं पडली तरी शेंडा दिसेना. खिशातला टेप काढून त्यानं बुंध्याला वेढा घातला. टेप संपला, झाड संपेना. सवयीनं दारं मोजायला गेला तर आकडाच सुचेना. आई गं! उभा जन्म लाकडात गेला, पण त्याला असं लहान कुठल्याच झाडानं केलं नव्हतं. त्याला चक्क भीती वाटली, आणि त्यानं हळूच हात जोडले.

"ठोका, पावणं," गेणभाऊ म्हणाला. म्हणताना त्यानं झाडाकडं पाहिलं नाही. त्याची बायको सरूबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

हौशीरामनं तुंबा ठोकला.

ठण्ण! देवळातली घंटाच वाजली जणू. आतबाहेर एकसंध, सोन्यासारखं लाकूड. वखारीतल्या पोरासोरालाही कळलं असतं.

"पोकळ हाय," हौशीराम म्हणाला.

भरत चमकला. "मामा, अवो..."

"तू गप रं! पोकळ म्हनलं ना? आढ्याला न्हाई चालायचं." मग गेणभाऊकडं वळून तो हळूच म्हणाला, "वखारीत सागाचं आढं पडलंय. जीपला जुंपून घिऊन येतो. देवाला लई दिस भिजत न्हाई ठेवायचं."

"मामा, ते आपल्या नव्या घराचं व्हतं!"

"आपल्याला पत्रा बी चालतो."

गेणभाऊनं हौशीरामच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि स्वतः तुंबा ठोकला. ठण्ण! आवाज राईभर घुमला. शेकरू गप झालं. गेणभाऊ हौशीरामकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"खरंय राव," तो म्हणाला. "पोकळच हाय."

सरूबाई पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी बुंध्याला मिठी मारली, कान टेकवला आणि किती तरी वेळ ऐकत राहिली.

"पोकळ हाय गं बाई," ती म्हणाली. "पार शेंड्यापत्तूर!"