खानदानी गुलाब

अकोल्याच्या जठारपेठेत अब्दुल रहीमचाचांचं खानदानी गुलाब अत्तराचं जुनं दुकान होतं. शेतीचे सलग तीन हंगाम बुडाले, लग्नं साधी होऊ लागली आणि अत्तर कोणी घेईना. शेवटी सून शाइस्तानं तोच खानदानी गुलाब फिनाईलमध्ये घातला. स्वस्त बाटल्या पार अमरावतीपर्यंत घरोघरी पोचल्या. दुकान तरलं, पण चाचांनी सुनेशी बोलणं सोडलं.

अमरावतीत ओळखीच्या सागरच्या लग्नाला ते हट्टानं अस्सल अत्तर घेऊन गेले. सगळ्यांदेखत त्यांनी नवरदेवाच्या मनगटाला बोट लावलं. "सूंघ, बेटा. अशी चीज आता कुठंच भेटत नाही."

सागरनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. चाचा कौतुकासाठी कान टवकारून उभे राहिले.

"काहून नाही भेटत, चाचा? आमच्या संडासात रोज हाच वास येते!"